ध्वनियंत्रांचीं परीक्षणें आणि आपला कान

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं केवळ हौशी मंडळींपुरता वाटण्याचा संभव आहे. घरीं बसून गाणें उत्तम ऐकूं यावें म्हणून जीं यंत्रें घेतलीं जातात आणि ज्यांस सर्वत्र 'हाय-फाय' ह्या नांवानें ओळखतात, त्यांचीं परीक्षणें छापणारीं मासिकें इंग्लंड-अमेरिकेंत पुष्कळ वर्षांपासून निघत आहेत. त्यांतले अभिप्राय वाचून आपल्याकडचा एखादा संगीतप्रेमी गृहस्थ लाख-दोन लाख रुपये खर्चावयास सिद्ध होतो. त्या अभिप्रायांवर त्यानें कितपत भिस्त ठेवावी, एवढाच प्रश्न. मुंबईच्या रसिकास हा प्रश्न तितका जाचत नाहीं, कारण तो दुकानांत जाऊन चार यंत्रें शेजारीं शेजारीं ऐकूं शकतो. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या रसिकाला मात्र यंत्र ऐकण्यापूर्वीं बहुधा तें वाचावेंच लागतें; आणि खोकें घरीं येऊन उघडेपर्यंत त्याच्यापाशीं छापील शब्दांवांचून दुसरा आधार नसतो.

ह्या प्रश्नाचा एक जुना अवतार ह्याच दोन गांवांच्या परिसरांत होऊन गेला आहे, ह्याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाहीं. त्या वेळीं हाय-फाय नव्हतें. पण 'अमुक सूर खरा कीं खोटा, हें कोणाच्या कानानें ठरवावयाचें?' हा वाद अगदीं तोच होता. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतों.

विसाव्या शतकाच्या आरंभीं सांगलीस कृष्णाजी बल्लाळ देवल नांवाचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे बंधु. कृष्णाजीपंतांना ध्यास लागला होता तो आपल्या संगीतांतल्या बावीस श्रुतींचा. आपल्या प्राचीन ग्रंथांनीं सप्तकाचे बावीस श्रुतींत विभाग केले आहेत. पण त्या श्रुति नेमक्या कोठें आहेत ह्याचा आंकड्यांनीं निर्देश केलेला नाहीं. तो आपण करावा, असें कृष्णाजीपंतांच्या मनानें घेतलें. साधन अगदीं साधें. एका फळीवर दोन तारा ताणावयाच्या. एक षड्जांत कायम ठेवावयाची आणि दुसरीखालची घोडी मागेंपुढें सरकवावयाची. गवयानें सूर लावला कीं तार त्याच्याशीं मिळेपर्यंत घोडी हलवावयाची आणि मग तारेची लांबी पट्टीनें मोजावयाची. गळा होता किराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांचा. त्याहून सुरेल गळा त्या काळीं शोधूनही सांपडला नसता. ह्या खटाटोपाचें फळ म्हणजे १९१० सालीं पुण्यास छापलेलें, हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति ह्यांवरचें त्यांचें इंग्रजी पुस्तक.

भेद केवढे सूक्ष्म आहेत तें पहा. षड्ज सेकंदास २४० आंदोलनांचा धरला, तर शुद्ध गंधार पडतो ३०० वर. बाजाच्या पेटीचा गंधार पडतो सुमारें ३०२.४ वर. ऋषभाचीं दोन रूपें धरलीं, तर एक २७० वर आणि दुसरें २६६ व दोनतृतीयांशांवर. दोन-तीन आंदोलनांचा हा खेळ! तंबोरा जुळवून त्याच्याशीं पेटीचा गंधार लावला, तर हे अंतर कंपानें जाणवतें. एरवीं शंभरांतल्या नव्वद जणांच्या तें ध्यानांतही यावयाचें नाहीं.

साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स हे ह्या विषयाचे दुसरे वेडे. आय. सी. एस. साहेब, पण हिंदी संगीताचा अभ्यास मनापासून केलेला. १९१३ सालीं त्यांनीं त्या विषयावर आपलें पुस्तकही प्रसिद्ध केलें. देवलांच्या श्रुति ज्यांत वाजतील अशी एक श्रुतिपेटी लंडनच्या मूर आणि मूर ह्या कारखान्यांतून करवून घेण्यांत आली. खाँसाहेबांचा गळा, सांगलीचें गणित, साताऱ्याचा न्यायाधीश आणि विलायती कारागिरी, असा तो योग होता. आतां श्रुतींचा प्रश्न कायमचा सुटला, असें ह्या मंडळींना वाटलें असल्यास नवल नाहीं.

पुढें १९१६ सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथें ही पेटी मांडण्यांत आली, आणि पंडित भातखंडे प्रभृतींनीं ती मान्य केली नाहीं. वादाचें सारें वर्णन करण्यास येथें वेळ नाहीं; शिवाय भातखंड्यांच्या पक्षालाही स्वतःचे आग्रह होतेच. मला महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा निराळा आहे. तार आणि गळा मिळाले, हें सांगलीच्या प्रयोगांत कोण ठरवीत होतें? कान. आणि तो कान कोणाचा? घोडी कोठें थांबली असतां सुबक अपूर्णांक हातीं येईल हें ज्याला आगाऊ ठाऊक आहे, त्याचा. देवलांच्या सचोटीविषयीं शंका घेण्यास तिळमात्र जागा नाहीं. परंतु तीन आंदोलनांच्या भेदांत मन आपल्या इच्छेकडे केव्हां झुकतें, हें सच्च्या माणसालाही कळत नाहीं. पुढें १९६३ सालीं नझीर जयराजभाई आणि त्यांचे सहकारी स्टोन ह्यांनीं विद्युत्-यंत्रांनीं गवई-वादकांचे सूर मोजले, तेव्हां एकच स्वर निरनिराळ्या कलावंतांचा निराळ्या जागीं पडतो, इतकेंच नव्हे तर एकाच कलावंताचा एकाच बैठकींतही हलतो, असें आढळून आलें. यंत्राला अपेक्षा नसते. त्यानें लिहिलें तें जसें झालें तसें.

असो. ह्या पेटीच्या सुरांचा वाद एवढ्यावर मिटला नाहीं. १९४० च्या मार्चपासून हिंदुस्थानांतल्या सर्व नभोवाणी केंद्रांवर पेटीला बंदी झाली, आणि ती १९७१ सालीं सैल होईपर्यंत टिकली. सांगलीचें केंद्र १९६३ सालीं निघालें. म्हणजे त्याचीं पहिलीं कांहीं वर्षें पेटीवांचूनच गेलीं.

आतां मासिकांकडे वळूं. त्यांच्याविषयींचा सर्वसाधारण आक्षेप असा कीं, जाहिरातदारांच्या पैशावर हीं चालतात, मग खरें कसें लिहिणार? हा आक्षेप पोकळ नाहीं. १९६२ सालीं जे. गॉर्डन होल्ट ह्या गृहस्थानें अमेरिकेंत 'स्टिरिओफाइल' हें मासिक काढलें तें ह्याच कारणासाठीं. आधीं तो 'हाय फिडेलिटी' मासिकांत नोकरीस होता, आणि जाहिरातदारांची मर्जी राखण्याच्या पद्धतीस विटून बाहेर पडला होता. १९७३ सालीं हॅरी पिअर्सन ह्यानें 'दि ॲब्सोल्यूट साउंड' काढलें. ध्वनिवर्धनावांचून प्रत्यक्ष दिवाणखान्यांत वाजणारें वाद्य हीच कसोटी, असें त्याचें म्हणणें. दोघांचाही आरंभ निःस्पृहपणाचा होता. दोन्ही नियतकालिकांत कालांतरानें जाहिराती शिरल्या. परीक्षणासाठीं कारखानदारानें उसनें दिलेलें यंत्र परीक्षकाकडे महिनोन् महिने राहतें, हेंही ह्या व्यवसायांत नवीन नाहीं. सांगलीच्या सराफाकडून सोनें महिनाभर उसनें वापरून मग त्याचा कस सांगणाऱ्या माणसाला आपण काय म्हणूं, तें प्रत्येकानें मनाशीं ठरवावें.

तरीही मी म्हणेन कीं, लांच ही लहान अडचण आहे. लांचखाऊ परीक्षक दोन-चार वर्षांत ओळखूं येतो. प्रामाणिक परीक्षकाचें काय? तो देवलांसारखाच फसतो, आणि त्याच्या भाषेंतून फसगत कळत नाहीं, उलट ती अधिकच पटते.

एक उदाहरण घ्या. १९८७ च्या जानेवारींत 'स्टिरिओ रिव्ह्यू' ह्या अमेरिकन मासिकानें अनेक श्रोते बसवून निरनिराळ्या अँप्लिफायरांची परीक्षा घेतली. दोनशे-अडीचशे डॉलरांच्या साध्या यंत्रापासून बारा हजार डॉलरांच्या व्हॉल्व्हच्या यंत्रापर्यंत सर्व प्रकार त्यांत होते. आवाजाची पातळी सर्वांची सारखी केली आणि कोणतें यंत्र वाजत आहे हें श्रोत्यांपासून लपवून ठेवलें. एवढें केल्याबरोबर भेद ओळखणें केवळ नाणेफेकीवर येऊन ठेपलें. श्रोत्यांत असे अनेक होते कीं, फरक रात्रंदिवसाइतका स्पष्ट असल्याची ज्यांची खात्री होती.

ह्याहून बोधप्रद प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. फ्लॉइड टूल हे कॅनडांतील राष्ट्रीय संशोधन मंडळांत ध्वनिशास्त्राचें काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनीं आणि शॉन ऑलिव्ह ह्यांनीं चाळीस श्रोत्यांना चार लाउडस्पीकर प्रथम पडद्याआडून आणि मग उघड्या डोळ्यांनीं ऐकविले. डोळे उघडतांच गुण बदलले. मोठ्या, भारदस्त, मान्यवर स्पीकरांचे गुण चढले. लहान आणि स्वस्त दिसणाऱ्याचे उतरले. गंमत अशी कीं, हीं मंडळी स्वतः स्पीकर बनविणाऱ्या कारखान्यांतलीं होतीं. कानाच्या फसवणुकीची त्यांना कल्पना नसेल असें म्हणण्यास जागा नाहीं. जाणीव असणें म्हणजे सुटका नव्हे, एवढें ह्यावरून ठरतें. ह्याच टूल ह्यांच्या अनेक वर्षांच्या कामांतून दुसरी एक उत्साहजनक गोष्टही निघाली. पडद्याआड बसविलें कीं बहुतेक श्रोत्यांचें स्पीकरविषयीं एकमत होतें, आणि ज्याचा स्वरपट्टा सपाट व गुळगुळीत मोजला जातो, तोच स्पीकर त्यांना आवडतो. अर्थात् 'ज्याची त्याची आवड' हें सूत्र मासिकांनीं फारच ताणलें आहे.

होल्टला अखेरीस ह्याची चीड आली होती. २००७ सालच्या एका मुलाखतींत त्यानें आपल्याच निर्माण केलेल्या धंद्याविषयीं सांगितलें कीं, प्रामाणिक, झांकून केलेल्या चांचण्यांना नकार दिल्यामुळें ह्या व्यवसायाची विश्वासार्हता १९८० नंतरच्या दशकांतच गेली. हें वाक्य कोणा बाहेरच्या निंदकाचें असतें, तर दुर्लक्ष करतां आलें असतें.

परंतु ह्या सर्वांत मला जो प्रसंग फार बोलका वाटतो, तो २०२२ सालचा. अमेरिकेंत मोबाइल फिडेलिटी नांवाची तबकड्या काढणारी जुनी कंपनी आहे. तिच्या तबकड्या मूळ चुंबकीय फितीवरून, मध्यें आंकड्यांचा म्हणजे डिजिटल टप्पा न घेतां कापल्या जातात, अशी ग्राहकांची ठाम समजूत होती. ही समजूत दूर करण्याची कंपनीनें तसदी घेतली नाहीं. डिजिटलनें सुरांतला जीव जातो, असें मानणारे शौकीन त्या तबकड्या चढ्या भावानें घेत. त्या वर्षाच्या जुलैमध्यें ॲरिझोनांतल्या एका तबकड्यांच्या दुकानदारानें गोष्ट फोडली, आणि कंपनीच्या अभियंत्यांनीं त्याच्याशीं बोलतांना मान्य केलें कीं, २०११ पासून पुष्कळ तबकड्यांत डिजिटल टप्पा वापरला गेला आहे. ग्राहक कोर्टांत गेले. २०२३ मध्यें अडीच कोटी डॉलरांची तडजोड पुढें आली. पण पैशाची गोष्ट सोडा. अकरा वर्षें ह्याच तबकड्यांना निव्वळ ॲनलॉगचा आदर्श म्हणून नांवाजणारे परीक्षक होते, आणि 'डिजिटल मला दोन सेकंदांत ओळखूं येतें' असें लिहिणारेही त्यांच्याच पंक्तींत होते. अकरा वर्षांत तें एकालाही ओळखूं आलें नाहीं. तबकड्या वाईट होत्या असें मी म्हणत नाहीं. त्या उत्तम होत्या, म्हणूनच त्यांची स्तुति झाली. खोटा ठरला तो ओळखण्याचा दावा.

येथें एक सूचना करतों. परीक्षणांतली अलंकारिक भाषा वाचतांना मनाशीं थोडा हिशेब ठेवावा. 'जणूं गायकावरचा एक पडदा दूर झाला' हें वाक्य ह्या मासिकांना इतकें प्रिय आहे कीं, दर वर्षीं नव्या यंत्रानें एक तरी पडदा दूर होतोच. पन्नास वर्षें पडदे उतरत आहेत, आणि द्रौपदीच्या वस्त्राप्रमाणें ते संपत नाहींत. गेल्या वर्षींचें यंत्र निर्दोष होतें, तर उरलेला पडदा आला कोठून?

मग परीक्षकाचा कान सर्वस्वीं टाकाऊ काय? नाहीं, आणि ह्याचें उत्तर सांगलीजवळच, मिरजेस मिळतें. मिरजेंत सतार-तंबोऱ्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. फरीदसाहेबांपासूनची ती परंपरा आहे, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशनही मिळालें. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लांकूड तुणीचें. तेथें जवारी काढणारा कारागीर पहावा. घोडीच्या पृष्ठावर तो कानस इतक्या हलक्या हातानें फिरवितो कीं, किती झिजलें तें डोळ्यांस दिसतही नाहीं. तार छेडतो, ऐकतो, पुन्हा झिजवितो. तारेखालीं सुताचा दोरा केसभर सरकवितो, आणि एकाएकीं तो मुका स्वर उघडून गुंजारव करूं लागतो. त्याला ऐकूं येणारा सूक्ष्म भेद तुम्हांआम्हांला येणार नाहीं. पण त्याच्या कानाची परीक्षा दर मिनिटास होत असते. समोर गवई बसलेला असतो. जवारी लागली नाहीं तर तो तेथल्या तेथें तंबोरा परत करतो. डोळे झांकून तोच कारागीर तीच जवारी पुन्हा काढील. घोडीची किंमत पाहून त्याचा कान बदलत नाहीं. शिकलेला कान आणि न पडताळलेला कान, ह्यांत मी हा फरक मानतों. मासिकाच्या परीक्षकाजवळ बहुधा पहिला असतो. परंतु त्याच्या लिखाणाची पडताळणी करण्याची कोणावरही सक्ति नसते.

परीक्षकांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीस सेकंदांचे तुकडे बदलून बदलून ऐकण्यांत आणि एखाद्या यंत्राबरोबर तीन महिने राहण्यांत फरक आहे, असें ते म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. कंटाळवाणें यंत्र पहिल्या दिवशीं चमकतें आणि पंधराव्या दिवशीं डोकें दुखवितें. मात्र तीन महिन्यांनंतरही तें यंत्र पडद्याआडून ओळखतां येत नसेल, तर त्रास यंत्राचा होता कीं दुसऱ्या कशाचा, हें ठरविणें कठीण आहे.

ह्याखेरीज आपल्याकडच्या वाचकाची एक निराळी अडचण आहे, जिच्याविषयीं हीं मासिकें अवाक्षर बोलत नाहींत. परीक्षकाची खोली गालिचा घातलेली, लांकडी भिंतींची, जड पडद्यांची. आपली खोली शहाबादी फरशीची नाहीं तर गुळगुळीत टाइलची, चार विटांच्या भिंती, उघडी खिडकी आणि खालीं रस्ता. खालच्या सुरांत खोलीचा वांटा स्पीकरइतकाच, कधीं कधीं त्याहूनही अधिक असतो. परीक्षकानें वाखाणलेला मंद्राचा भरदारपणा साताऱ्याच्या दगडी वाड्यांत घुमारा होऊन बसतो, आणि घरमालक दोष देतो तो अँप्लिफायरला. शिवाय तो परीक्षक ऐकतो पियानो, जाझ, आर्केस्ट्रा. तंबोऱ्याची जवारी, पखवाजाचा डावा, कीं बंदिशींतला श्वास, ह्यांविषयीं त्याच्या अभिप्रायांत कांहीं सांपडत नाहीं, कारण तें त्याच्या कानांवरून गेलेलेंच नसतें.

तेव्हां वाचावें कसें? मी माझ्यापुरती रीत सांगतों. ज्या मासिकांत मोजमापाचे आलेख छापतात, त्यांत प्रथम आलेख पहावा आणि मग लेख वाचावा. 'स्टिरिओफाइल' मध्यें हीं मापें परीक्षकाच्या लेखाखालीं स्वतंत्रपणें येतात, आणि कधीं कधीं एकाच अंकांत स्तुति व आलेख एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले असतात. असा अंक मी जपून ठेवतों. त्या लेखकानें गेल्या पांच वर्षांत एक तरी यंत्र नापसंत केलें आहे काय, हें शोधावें. विषयाप्रमाणें विश्वासाचें मान बदलावें. स्पीकर-स्पीकरांत खरोखरच मोठे भेद असतात, तेथें परीक्षण उपयोगी पडतें. सुस्थितींतल्या, पुरेशा ताकदीच्या अँप्लिफायरांत भेद फार थोडे. आणि जोडणीच्या तारांवर कोणी पानेंच्या पानें लिहीत असेल, तर तें पान उलटावें.

ज्यांना स्वतः पहावयाचें असेल, त्यांच्यासाठीं एक घरगुती प्रयोग. दोन यंत्रांचा आवाज प्रथम मीटरनें समान करावा, कारण अर्धा डेसिबेल मोठें वाजणारें यंत्र कानाला मोठें न वाटतां 'चांगलें' वाटतें, आणि दुकानदारांना हें गुपित ठाऊक असतें. मग घरांतल्या कोणालातरी, बहुधा हा मान मुलांकडे जातो, पडद्याआड बसवून सोळा वेळां मनास येईल तसें यंत्र बदलावयास सांगावें, आणि आपण कागदावर उत्तरें लिहावीं. निव्वळ अंदाजानें सोळांपैकीं बारा किंवा त्याहून अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शेंकडा चारांहून कमी आहे. बारा आलीं, तर फरक आहे असें धरून चालावें, आणि मग पैशांचा विचार करावा. आठ-नऊ आलीं, तर पैसे बँकेंत ठेवावे.

दुकानांत जातांना बरोबर न्यावयाची ध्वनिमुद्रिका कोणती, असें मला पुष्कळ जण विचारतात. मोठ्या आवाजाचीं, झगमगीत मुद्रणें नेऊं नयेत. तीं कोणत्याही यंत्रावर बरीं वाटतात. ज्या गाण्याच्या आरंभीं तंबोरा एकटा मिनिटभर वाजतो, तें न्यावें. चारी तारांतून वर निघणारा तो न छेडलेला गंधार ऐकूं येतो काय, आणि गायक सुरूं झाल्यावरही तो मागें तसाच टिकतो काय, इतकेंच पहावें. हा गंधार कसा असतो हें ज्यांनीं कधीं जवळून ऐकलें नाहीं, त्यांनीं आधीं मिरजेस जाऊन तंबोरे जुळत असतांना अर्धा तास बसावें. साताऱ्याहून आगगाडी सरळ जाते.